नव्या मातीचे चाळीस कप

आमच्या सासूबाई चिनीमातीच्या कारखान्यात कप वाजवायच्या. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप कानाशी धरायचा, लाकडी दांडीनं टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर आत तडा, टाक बाजूला. बावीस वर्षं हेच. घरी पाहुण्यांना चहा देतानासुद्धा त्या आधी कप वाजवून बघत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कारखाना बंद पडला आणि अर्ध्या गल्लीला कुलपं लागली. त्याच वर्षी सासरे गेले. सासूबाई रडल्या नाहीत, की कुणाशी भांडल्या नाहीत. वाढलं की जेवायच्या, एवढंच. मी भाजीत मीठ विसरले तरी चकार शब्द नाही. आता अशा सासूचं करायचं काय? मला त्यांचं टोमणे मारणंसुद्धा आठवायला लागलं. आठ वर्षांत एकदाच म्हणाल्या, "कारखाना सुरू झाला की होईन मी पूर्वीसारखी." तेवढ्यावर मी दिवस काढले.

यंदा तो खरंच सुरू झाला. मालक नवे, भट्टी नवी. बंद दुकानांच्या फळ्या निघाल्या, गल्लीत पुन्हा सायकलींची गर्दी झाली. जुन्या बायकांना चाचणीला बोलावलं, तेव्हा मीही सोबत गेले.

साहेबानं चाळीस कप मांडले. सासूबाईंनी एकेक वाजवला आणि चाळीसच्या चाळीस बाजूला काढले.

साहेब हसला. "मावशी, अहो सगळेच कसे फुटके असतील? माती बदललीय आता. चांगला कपही थोडा बद्दच वाजतो."

"मग यातला फुटका कसा वाजतो, तो ऐकवा."

त्यानं एक तडकलेला कप दिला. सासूबाईंनी तो डोळे मिटून चारदा वाजवला, मग ते चाळीस पहिल्यापासून घेतले. या वेळी दोनच काढले. साहेबानं दोन्हींवर शाई फासून पुसली, तर केसाएवढी रेघ उमटली.

"सोमवारपासून या," तो म्हणाला.

परतताना माझे पाय जमिनीवर नव्हते. "आई, झालं ना मनासारखं? कसं वाटतंय?"

त्या म्हणाल्या, "काहीच वाटत नाही गं. मला वाटलं होतं, आज वाटेल."

मला इतकी चीड आली की भर रस्त्यात रडू फुटलं. सासूबाईंनी माझा दंड धरून मला कडेला घेतलं, मागून येणाऱ्या सायकली जाऊ दिल्या.

"रडतेस कशाला? जाईन की कामाला. नाही वाटलं तरी जाईन."