कव्हराखालची दुपार

शेजारी म्हणत, ऑपरेटरांनी गाडी घेतलेली नाही, पाळली आहे. सकाळी तिचे कव्हर काढायचे, अंग पुसायचे, बॉनेट उघडून आत पाहत उभे राहायचे आणि पुन्हा कव्हर घालून तिला निजवायचे. फिरायला मात्र न्यायचे नाही. पहिल्या मजल्यावरच्या बँकवाल्यांची जीभ निवृत्तीनंतरच खऱ्या अर्थाने कामाला लागली होती. ते जिना उतरताना हमखास विचारत, "काय ऑपरेटर, आज चारा खाल्ला का जनावराने?" कुणी म्हणे, माणूस मुळातच घुमा. कुणी म्हणे, ज्याने उभे आयुष्य अंधारात काढले त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

यातले शेवटचे बोलणे खोटे नव्हते. सिनेमागृहाच्या केबिनमध्ये, भिंतीतल्या चौकोनी भोकातून खाली उजेड सोडण्यात त्यांची सारी नोकरी गेली. खाली माणसे हसत, रडत, शिट्ट्या मारत. वर यंत्र तापत असे आणि ऑपरेटर त्याचा आवाज ऐकत बसलेले असत. सिनेमागृह बंद झाले तसे ते घरी आले. अंधाराची सवय मात्र त्यांच्याबरोबरच आली. भर दिवसाही ते खोलीत शिरले की दिवा लावायला विसरत, आणि त्यांची पत्नी आतून म्हणत असे, "अहो, घरात माणसं राहतात."

गाडी घेतली ती या पत्नीसाठी. तिचे गुडघे बसच्या पायऱ्यांना नकार देऊ लागले होते. तिची थोरली बहीण डोंगरापलीकडच्या गावी राहत होती आणि आता अंथरुणाला खिळली होती. दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलत. एकदा फोन ठेवताना पत्नी म्हणाली होती, "आवाज येतो, पण हात हातात घेता येत नाही." हे ती नवऱ्याला म्हणाली नव्हती, समोरच्या भिंतीला म्हणाली होती. ऑपरेटरांनी ते ऐकले आणि पुढच्याच महिन्यात कुणाच्या तरी वापरातली, कडेने रंग उडालेली गाडी इमारतीच्या अंगणात येऊन उभी राहिली.

पत्नीने तिच्याभोवती एक फेरी मारली, बाजूच्या सीटवर बसून पाहिले, समोरचा खण ओढला आणि म्हणाली, "हा माझा." ऑपरेटरांनी मान डोलावली. त्यांच्या घराची रीतच तशी होती. तिच्या कपाटाला त्यांनी कधी हात लावला नव्हता आणि त्यांच्या हत्यारांच्या पेटीचे झाकण तिने कधी उघडले नव्हते. संसार इतका सुरळीत कसा चालला, असे कुणी विचारले असते तर दोघांनीही हेच कारण सांगितले असते.

पहिले काही दिवस गाडी शहाण्यासारखी वागली. मग ज्या रविवारी निघायचे ठरले त्या सकाळी पत्नी ठेवणीतले पातळ नेसून, पट्टा लावून बसली. ऑपरेटरांनी किल्ली फिरवली. कट्ट असा एक कोरडा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. बँकवाल्यांनी मागून ढकलून पाहिले. ढकलण्यापेक्षा त्यांचे बोलणेच अधिक झाले. बॅटरी मेली होती. ऑपरेटरांनी नवी बसवली. गाडी आठवडाभर उभी राहिली आणि तीही बॅटरी मेली. दुसऱ्यांदा गाडीतून उतरताना पत्नी म्हणाली, "राहू द्या आता. मला काही एवढी ओढ नाही." ती वर गेली आणि पातळ बदलून कामाला लागली. ऑपरेटर बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मेलेल्या बॅटरीचे त्यांना काही वाटले नाही. त्या वाक्याचे वाटले.

गॅरेजवाल्याने गाडी आठवडाभर ठेवून घेतली. त्याच्याकडे ती एका हाकेत उठली. घरी आणली की पुन्हा तेच. गॅरेजवाला हसून म्हणाला, "ऑपरेटर, हिला तुमचं घर म्हणजे माहेर वाटतं. माहेरी आलेली पोर दिवसभर लोळते. माझ्याकडे सासर, इथे भल्या पहाटे उठते. मी काय दुरुस्त करू सांगा!"

मग पुतण्या आला. त्याला काकूनेच फोन केला होता. "काका, रविवारी भंगारवाला येतोय. काकूच म्हणाली, यांची कंबर मोडायच्या आधी ही ब्याद घालवून टाक."

"रविवारपर्यंत माझी आहे ना?" ऑपरेटरांनी विचारले.

"आहे की."

"मग झालं."

रविवारनंतर गाडी राहणार नव्हती, आणि गाडी नसेल तर डोंगरापलीकडचा तो हात पत्नीच्या हातात येणार नव्हता. ऑपरेटर हे कुणाशी बोलले नाहीत. शनिवारी सकाळी त्यांनी पेटी उघडली, वीज मोजायचा मीटर काढला आणि बॅटरीची एक तार सोडवून तिच्या वाटेत तो जोडला. दार उघडे असले की छताचा दिवा लागतो आणि हिशेब चुकतो, म्हणून दाराच्या कुलपात पेचकस फिरवून गाडीला दार बंद असल्याचे भासवले. मग ते वाट पाहत बसले. गाडीलाही झोप लागायला वेळ लागतो, हे त्यांनी बॉनेटजवळ घालवलेल्या सकाळींमध्ये ओळखले होते. एकेक यंत्रणा मिटत गेली, काटा उतरत गेला, आणि शून्याच्या अलीकडे येऊन थबकला. गाडी झोपली होती, पण तिच्या आत कुणीतरी जागे होते.

ते एकेक फ्यूज उपसत गेले. रेडिओचा काढला, काटा हलला नाही. भोंग्याचा काढला, हलला नाही. आतल्या दिव्यांचा काढला आणि काटा अलगद शून्यावर जाऊन टेकला. दमलेल्या माणसाने उशीवर डोके टेकावे तसा. म्हणजे गाडीत कुठेतरी एक दिवा अखंड जळत होता. रस्त्यावरून माणसे जात होती, अंगणात पोरे खेळत होती, आणि या लोखंडाच्या पोटात कुणालाही न दिसणारा उजेड रात्रंदिवस तेवत होता. ऑपरेटरांना भीती वाटायच्या ऐवजी उगीचच बरे वाटले.

तो फ्यूज परत बसवून त्यांनी छताचा दिवा खोबणीतून काढला आणि खिशात टाकला. काटा पुन्हा शून्याच्या अलीकडेच. मग राहिला डिकीचा. दुसरा कुणी असता तर तोही उपसून मोकळा झाला असता. पण केबिनमध्ये त्यांना एक शिस्त लागली होती. उजेड आहे की नाही हे काट्याला विचारायचे नाही, आपल्या डोळ्यांनी बघायचे. त्यांनी पत्नीला खाली बोलावले आणि स्वतः डिकीत पाय दुमडून आडवे झाले.

"लाव झाकण."

"आणि उघडलं नाही तर?"

"तर भंगारवाल्याला एक नग जास्त."

"तुमचं काय यायचंय त्याला? नुसती हाडं," असे म्हणून तिने झाकण लावले. आतला दिवा तत्काळ विझला. ऑपरेटर त्या काळोखात एक क्षण तसेच पडून राहिले. रबराचा आणि जुन्या प्रवासांचा वास येत होता. मग त्यांनी आतून झाकण ठोकले. बाहेर बँकवाल्यांची पत्नी नेमकी भाजी घेऊन आली होती.

"वहिनी, आत कोण ठोकतंय?"

"हे आहेत."

"आत? आणि का हो?"

"दिवा बघतायत."

बाई भाजीची पिशवी सावरत भराभर जिना चढल्या. ऑपरेटर डिकीतून बाहेर येईपर्यंत बातमी गच्चीवर पोहोचली होती.

जेवण झाल्यावर त्यांनी तार पुन्हा जोडली, बॉनेट लावले, गाडीवर कव्हर घातले आणि त्याची एक कड उचलून आत शिरून दार ओढून घेतले. बाहेर भर दुपार होती. आत मातकट, दाट काळोख झाला. ऑपरेटर हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले. डोळ्यांना वेळ द्यावा लागतो. अंधार कधी सगळा एकदम दिसत नाही, तो थराथराने उकलतो. आधी स्टिअरिंगची कमान वर आली, मग काचेची कड, मग आपलेच गुडघे. कव्हरावर वाऱ्याचा हात फिरत होता. त्यांना वाटले, ही गाडी उभी नाही, अगदी संथपणे कुठेतरी निघाली आहे. खाली रस्ता नाही, नुसते पाणी आहे. जुन्या केबिनमधले यंत्र घरघरते आहे असाही भास झाला, आणि खाली अंधारात बसलेली, तोंडे वर केलेली माणसे. त्यांना कधी वाटले नव्हते की आपण त्या माणसांना काही देतो. आपण फक्त उजेडाची वाट मोकळी ठेवतो, एवढेच.

तेव्हा त्यांना ती रेघ दिसली. बाजूच्या सीटसमोर, पत्नीच्या खणाच्या झाकणाला लागून, केसाएवढी बारीक पिवळी रेघ. बंद दाराखालून झिरपावी तशी.

त्यांचा हात पुढे गेला आणि थांबला. खण तिचा होता. ते दार उघडून उतरले, कव्हराखालून डोके बाहेर काढले आणि खिडकीकडे पाहून हाक मारली, "अगं, जरा खाली ये."

"मी त्या गाडीत पुन्हा बसणार नाही, सांगून ठेवते."

"बसू नकोस. नुसता तुझा खण उघडून दे."

मग ती आली, गुडघ्याला हात लावत, कव्हर सारून आत शिरली आणि बसलीही. तिने खण ओढला. मऊ उजेड दोघांच्या हातांवर सांडला. आत लोकरीची टोपी होती, विणून पुरी झालेली. मोजे होते. बहिणीच्या आवडीच्या तेलाची बाटली होती, फणी होती, तिच्या स्वतःच्या गोळ्या होत्या, आणि हे सगळे कोंबून वर घडी केलेली एक शाल. झाकण लागत होते, पण दिवा विझवणारी आतली इवलीशी कळ दाबली जात नव्हती.

"हे कधी भरलंस?"

"गाडी आली त्याच आठवड्यात. आयत्या वेळी धांदल नको म्हणून."

"आणि गॅरेजला नेली तेव्हा?"

"तेव्हा काढून ठेवलं. परक्याच्या हातात आपल्या वस्तू कशाला? परत आली की पुन्हा भरलं."

ऑपरेटर हसू लागले. आवाज न करता, खांदे हलवत. "ओढ नाही म्हणाली होतीस."

"तुम्ही वाकून वाकून अर्धे झालात, मग अजून काय म्हणू? आणि तुम्ही तरी कधी विचारलंत? गाडी आणून उभी केलीत, नि लागलात पुसायला."

त्यांनी बोटाने ती कळ दाबली. दिवा गेला. बोट उचलले, आला. पुन्हा दाबली. या खेपेला बोट तसेच राहू दिले, आणि दोघे कव्हराखालच्या त्या काळोखात जवळजवळ बसून राहिले. वारा गाडीला किंचित डोलवत होता. तिने टोपी, मोजे, शाल एकेक करून चाचपडत मांडीवर घेतली. "मांडीवरच नेईन," ती म्हणाली. "तसाही रस्ता लांबचा आहे."

चार्जरला लावलेली बॅटरी संध्याकाळपर्यंत भरली. रविवारी सकाळी पुतण्या भंगारवाल्याला घेऊन आला. भंगारवाल्याने बॉनेटवर टिचकी मारून पाहिली आणि जीभ टाळूला लावून चक् केले. तेवढ्यात पत्नी ठेवणीतले पातळ नेसून, मांडीवर घ्यायची पिशवी हातात धरून जिना उतरली. ऑपरेटरांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या हाकेला उठली. भंगारवाल्याने पुतण्याकडे पाहिले, पुतण्याने आभाळाकडे.

बँकवाले दातांत ब्रश धरूनच धावत खाली आले आणि खिडकीत वाकले. "चालू झाली! अहो, पण शेवटी बिघडलं काय होतं?"

ऑपरेटरांनी गाडी मागे घेण्यासाठी मान वळवली होती. ती तशीच ठेवून ते म्हणाले, "गाडीत काही बिघाड नव्हता. हिला जायचं होतं आणि मी हिला ते कधी विचारलं नाही. सरका आता, गाडी मागं घ्यायचीय."