पुस्तकातून काढलेला माणूस

माझा दादा घरात कधी पाठ टेकून बसला नाही. खुर्चीच्या कडेला टेकायचा, तोंड दाराकडे, जेवतानाही एक पाय चपलेत. वहिनी म्हणायची, "मी नवरा केलाय की पाहुणा, तेच कळत नाही मला." नदी समुद्राला मिळते तिथल्या बचाव केंद्रात तो नोकरीला होता. भोंगा वाजला की समोरचं ताट तसंच सोडून धावत सुटायचं, हे त्याचं काम. सात नंबरच्या बोटीचं सुकाणू त्याच्याकडे होतं आणि ते त्याने सहसा दुसऱ्या कुणाच्या हाती लागू दिलं नाही. केंद्रातली पोरं त्याला मामा म्हणायची. पाठीमागे 'खडूस मामा' म्हणायची, आणि तेही त्याला माहीत होतं.

तो काही देवमाणूस नव्हता, हे मी सख्खी बहीण म्हणून सांगते. दोर नीट गुंडाळला नाही तर चारचौघांत एखाद्याचं पाणी उतरवायचा आणि घरी आला की तोंडाला कुलूप. त्याला एकच मुलगी. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून तिला सगळे बारकी म्हणायला लागले ते कायमचं. ती जन्मली त्या दुपारी दादा एका उलटलेल्या होडीवरची माणसं काढत होता. दवाखान्यात आला तो दुसऱ्या दिवशी, अंगाला डिझेलचा वास. नर्सने त्याला आधी आंघोळ करून या म्हणून हाकललं. तो गेला आणि तिकडूनच परत केंद्रावर गेला. बारकीला पहिल्यांदा घेतलं ते मी. मी लग्न केलं नाही, दादाच्याच घरी खालच्या खोलीत शिलाई मशीन टाकून बसले होते, त्यामुळे पुढेही शाळेचा कार्यक्रम असो की पोरीचा ताप, बापाच्या जागी आत्याच उभी.

बारकी खिडकीत बसून चित्रं काढायची. खिडकीतून नदीचं मुख दिसायचं, म्हणून बोटी काढायची. मोठी झाल्यावर शहरात गेली आणि लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागली. दादाला ते काम वाटायचंच नाही. "ससे रंगवते," असं सांगायचा कुणी विचारलं तर. पण तिची पुस्तकं आली की कपाटात नीट उभी करून ठेवायचा. वाचायचा का, ते मी कधी पाहिलं नाही.

मग केंद्रात नवी बोट आली. मोठी, बंद केबिनची, आत सगळे पडदे आणि बटणं. त्याच सुमारास दादाच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसायचं, बाजूचं जायला लागलं होतं. केंद्राच्या डॉक्टरांनी त्याला कामावरून उतरवलं. दोघांचा निरोप एकाच दिवशी झाला, त्याचा आणि सात नंबरचा. त्याच्या गळ्यात हार, तिच्या नाकावर हार. बोटीला शेडमागे लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलं. काही दिवसांत तिच्यात पावसाचं पाणी साचलं, कावळे त्यात आंघोळ करायला लागले. दादा रोज संध्याकाळी तिकडे जाऊन यायचा. काय केलंस म्हटलं तर म्हणायचा, "काही नाही, पाणी काढलं."

नव्या बोटीत खोट एकच होती. तिला पाणी खोल लागायचं, सात नंबरला थोडकं पुरायचं. आणि आमच्या नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, ओहोटीला तिथे गुडघाभर पाणी राहतं. हे सगळ्यांना माहीत होतं. बोट घेताना कुणी मनावर घेतलं नव्हतं, एवढंच. एका सकाळी ऐन ओहोटीला दांड्यापलीकडे दोन भावांची मासेमारीची होडी उलटली. नवी बोट गेली आणि वाळूत रुतली. तिच्यावरची पोरं समोर बघत राहिली, आणि थोरला भाऊ त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाला. दुसरा होडीचं बूड धरून राहिला म्हणून वाचला.

गावात बोंबाबोंब झाली. वरचे साहेब आले, धक्क्यावर फिरले, आणि सात नंबर दुरुस्त करून पुन्हा पाण्यात उतरवायचं ठरलं.

दादाला त्या माणसाचं वाईट वाटलं. दोन दिवस तो धड जेवला नाही. पण बोट परत उतरणार हे कळलं त्याच संध्याकाळी त्याने माळ्यावरून बूट काढले, पुसले, रबराला पावडर लावली. वहिनीने त्याचं पिवळं जॅकेट धुऊन गॅलरीत टाकलं. जॅकेट वाऱ्यावर हलत होतं आणि दादा चक्क गुणगुणत होता. एका माणसाच्या मरणातून आपल्याला काही मिळतंय याची त्याला लाज वाटत असावी, कारण मी वर गेले की गुणगुणणं बंद व्हायचं.

बोलावणं काही आलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. शेवटी एका रविवारी केंद्रातला धाकट्या आला, फळांची पिशवी घेऊन. हा दादाच्या हाताखाली तयार झालेला, त्याला धाकट्या हे नाव दादानेच दिलेलं. आता त्यालाही पोरंबाळं होती. वहिनीने चहा केला.

"मामा, सात नंबर उतरवतोय आपण," तो म्हणाला.

"ऐकलं. तळाचं काम कसं झालंय?"

"चांगलं झालंय. दोन ठिकाणी जोड दिलाय. इंजिन नवीन."

"मग मी कधी यायचं?"

धाकट्या कपात बघत राहिला. "मामा, बोट मला दिलीय."

"अरे, तू घे ना. मी काय सुकाणू मागतोय? मी बाजूला उभा राहीन."

"डॉक्टर तेवढ्यालाही सही देत नाहीत. मी विचारलं. खरंच विचारलं, मामा."

दादाने फळांची पिशवी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "चहा घे. गार होतोय."

धाकट्या गेल्यावर दादा वहिनीला म्हणाला, "फळं कुणी मागितली होती त्याच्याकडे?" ती पिशवी टेबलावर तशीच राहिली. वास यायला लागला तेव्हा मी नेऊन टाकली.

बोट पाण्यात उतरली. दादा बघायला गेला नाही. महिन्याभरातच तिने दांडा ओलांडून दोघी मायलेकींना आणलं, गावभर कौतुक झालं, पेपरात फोटो आला. फोटोत बोट, धाकट्या आणि साहेब.

तो फोटो बघूनच बारकीला पुस्तकाची कल्पना सुचली. तिला बाकीचं काही ठाऊक नव्हतं. वहिनी फोनवर असलं सांगत नाही, आणि दादा फोनवर येतच नाही. ती तीन-चार महिने गुपचूप काम करत होती आणि मग एक दिवस मोठी गुंडाळी घेऊन घरी आली. माझ्या कापड कापायच्या टेबलावर तिने चित्रं मांडली. जुनी बोट गवतात पडलेली. बोट रडवेली. नवी बोट वाळूत अडकलेली. आणि बुडणारा माणूस नाही, एक कुत्र्याचं पिल्लू. मुलांच्या पुस्तकात माणूस कसा बुडवणार? शेवटच्या पानावर सात नंबर लाटेवर चढलेली आणि तिच्या सुकाणूवर पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा, हसणारा.

दादा एकेक चित्र मान वळवून वळवून बघत होता, कारण एका नजरेत सबंध पान त्याला दिसायचं नाही. शेवटच्या पानापाशी थांबला.

"हा कोण?"

"कोण म्हणजे? तुम्ही!" बारकीचा चेहरा नुसता फुलला होता.

"मी नव्हतो तिथे."

"अहो बाबा, हे पुस्तक आहे. पंचनामा नाही."

"अख्ख्या गावाला माहितीये मी नव्हतो. उद्या धाकट्याची पोरं हे बघतील आणि विचारतील, आमच्या बाबांच्या जागेवर हे कोण उभे? काढ मला."

"मी हे तुमच्यासाठी केलंय."

"माझी कीव करायला कुणी सांगितलं होतं तुला? काढ म्हटलं ना!"

बारकीची हनुवटी लहानपणी थरथरायची तशी थरथरली. तिने कागद गोळा केले. मी मध्ये पडले, म्हटलं, "अगं, मग धाकट्याला दाखव. खरा तोच होता." ती म्हणाली, "आत्या, धाकट्या माझा कोण लागतो?"

तिच्या प्रकाशकबाईंना मात्र आनंद झाला. माणूस नसला तर उत्तमच, म्हणाल्या, बोटीलाच डोळे आणि तोंड द्या, मुलांना तेच आवडतं. बारकीने दिले. पुस्तक छापून आलं तेव्हा त्यात सात नंबर आपल्या आपण जागी होते, आपणच भोंगा ऐकते, आपणच पाण्यात उडी घेते आणि पिल्लाला नाकावर बसवून आणते. पानापानांत एकही माणूस नाही.

प्रकाशनाचा कार्यक्रम बचाव केंद्रातच ठेवला होता. शाळेची मुलं सतरंजीवर, पाहुणे खुर्च्यांवर, बाहेर धक्क्याला सात नंबर नव्या रंगात उभी. दादा येणार नव्हता, वहिनीने इस्त्रीचा शर्ट पुढ्यात टाकला म्हणून आला, आणि सगळ्यात मागच्या खुर्चीवर कडेला बसला. साहेबांनी भाषण केलं. बारकीने पुस्तक वाचून दाखवलं, छान वाचलं. मुलं हसली, पिल्लू वाचलं तेव्हा टाळ्या वाजल्या. वाचलेला तो भाऊ पलीकडे धक्क्यावरच जाळं शिवत बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी तो आला असता असं मला वाटत नाही.

नंतर मुलांना बोटीवर चढू दिलं. दादा दारात उभा होता. एक लहान मुलगी त्याच्यापाशी थांबून म्हणाली, "आजोबा, तुम्ही बसलाय का या बोटीत?"

"नाही गं बाळा," दादा म्हणाला, "मला बोट लागते."

आसपासची केंद्रातली माणसं मोठ्याने हसली. त्यांना वाटलं, मामांनी काय झकास विनोद केला. दादा हसला नाही.

घरी आल्यावर तो शर्ट न बदलताच बारकीसमोर उभा राहिला. "सगळ्यांनाच काढून टाकलंस?"

"तुम्हीच म्हणालात, काढ."

"मला काढ म्हटलं होतं. बोट आपोआप चालते असं म्हटलं होतं का? इतकी वर्षं आम्ही तिथे काय माशा मारत होतो? एक माणूस नाही पुस्तकात! एकसुद्धा!"

"कुठला माणूस काढू मी?" बारकीचा आवाज चढला. तिला मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "या खिडकीतून मला बोट दिसायची, बाबा. तुम्ही नाही दिसायचात. एक पिवळा ठिपका दिसायचा आणि आई म्हणायची, ते बघ बाबा, हात हलव. मी हात दुखेपर्यंत हलवायचे. तुम्ही एकदा तरी हलवलात?"

"सुकाणू सोडून हात हलवत बसू?"

"नका ना हलवू. आता चित्रात जागा कशाला मागता?"

"पुरे करा," वहिनी म्हणाली. तिच्या हातात पाण्याचे ग्लास होते, ते कुणीच घेतले नाहीत.

दोघंही खरं बोलत होते. मी त्या दिवसापासून पुष्कळदा विचार केलाय, आणि कुणाची बाजू घ्यावी ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बारकी दुपारच्या गाडीने निघून गेली. दादाने तिला अडवलं नाही. गाडी सुटल्यावर तो म्हणाला, "डबा दिलास का तिला?" वहिनी म्हणाली, "तुम्ही विचारायला हवं होतं तिला." तो आत गेला.

वर्षभर बाप-लेकीत बोलणं नव्हतं. पुस्तक मात्र जोरात चाललं, पुन्हा पुन्हा छापलं गेलं. बाहेरगावच्या शाळांच्या सहली बोट बघायला यायला लागल्या. केंद्राने दारावर पुस्तकातलं चित्र मोठं करून लावलं. दादाने धक्क्याकडे जायचं सोडलं. फिरायला म्हणून उलट्या बाजूला, बाजाराकडे जायचा आणि वाटेत लोकांना धडकायचा. काठी घे म्हटलं की खेकसायचा.

पुढे वाळूचा दांडा ड्रेजर लावून उपसला. मुख खोल झालं, नव्या बोटीची अडचण संपली. सात नंबरला परत पाण्याबाहेर काढलं, आणि या वेळी ठोकळ्यांवर नाही ठेवलं, भंगारवाल्याला दिलं. आता सहलीची मुलं आली की केंद्रातले लोक त्यांना सांगतात, सात नंबर कामावर गेलीय. मुलं पाण्याकडे बघून टाटा करतात. हे मला धाकट्यानेच सांगितलं, मान खाली घालून. मी ते वर जाऊन दादाला सांगितलं. सांगायला नको होतं. तो म्हणाला, "चांगलंय. कुणी बुडालं नाही, कुणी म्हातारं झालं नाही."

आता त्याला समोरचंही फारसं दिसत नाही. ते कळल्यापासून बारकी महिन्यातून एकदा येते. त्या दिवसाबद्दल दोघंही चकार शब्द काढत नाहीत, बोलणं हवेचं, भाजीचं, गाडीला किती गर्दी होती त्याचं. डोळ्यांत औषध घालायचं काम वहिनीच्या हाताला कंप सुटल्यापासून माझ्याकडे आहे. बारकी आली की ती घालते. दादा मान मागे टाकतो. मागच्या खेपेला पहिला थेंब त्याच्या गालावर पडला.

"हुकला," दादा म्हणाला.

"हलू नका मग," बारकी म्हणाली, आणि त्याची हनुवटी धरून तिने दुसरा थेंब घातला.