आमच्या हॉलमधली पाडलेली भिंत

आमच्या घरात भुताखेतांवर विश्वास ठेवायला कोणाला सवडच नाही. मी वसईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांचं रक्त तपासते... रिपोर्टमध्ये येतं तेवढंच खरं मानायची सवय. रस्त्यातलं लिंबू खुशाल ओलांडून जाणाऱ्यांतली मी आहे. तेव्हा पुढचं वाचून "बाईला ताण आला असेल" असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणा. बरेच दिवस मीही तेच म्हणत होते.

विरार पूर्वेला मनवेलपाड्यात आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बिल्डिंग जुनी. राहणारे तिघं — मी, नवरा संदीप आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. काचबिंदूने आईंची नजर जवळजवळ गेली आहे, उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. पण सकाळचा पहिला चहा घरात त्याच करतात. दुसऱ्या कोणी केलेला चहा म्हणजे त्यांच्या मते कोमट पाणी!

त्यांच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत एक लांब भिंत होती. पलीकडे हॉल, अलीकडे चिंचोळा पॅसेज. आई त्या भिंतीला डावा तळहात लावून चालायच्या. रोजच्या हातामुळे तिथला पिस्ता रंग काळपट, गुळगुळीत झाला होता.

मागच्या वर्षी आई बाथरूममध्ये पडल्या. डॉक्टरांनी वॉकर घ्यायला सांगितलं आणि तो पॅसेजमध्ये मावेना. घराचं काम काढायचंच होतं, म्हणून आम्ही भिंत पाडायचं ठरवलं. आईंना विचारलं तर त्या भडकल्याच.

"भिंत पाडाल तर मी धरू काय? तुमचं ते स्टूल?" वॉकरला त्या स्टूल म्हणतात.

संदीपने यावर अगदी मुलग्यासारखा तोडगा काढला. "टाईल्स बदलतोय, धूळ होईल," असं सांगून त्यांना दापोलीला नणंदेकडे पाठवलं. भिंतीचं आल्यावर हळूहळू सांगू, असं ठरलं. हळूहळू म्हणजे काय, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

काम दिलं होतं बावतीसला. भुईगावचा कॉन्ट्रॅक्टर, साठीला टेकलेला, बोलायला गोड. त्याचा "परवा" कधी उगवेल ते मात्र त्यालाच ठाऊक. पण हात स्वच्छ. भिंत गेली आणि घरात इतका उजेड आला की मी वेडी झाले. फक्त एक भानगड झाली. जुन्या टाईल्स भिंतीच्या पायापर्यंतच बसवलेल्या होत्या, त्यामुळे भिंत होती तिथे सिमेंटचा उघडा पट्टा राहिला. तशा टाईल्स आता बाजारात मिळेनात. बावतीस रोज म्हणायचा, "परवा गोखिवऱ्याला गोडाऊनमधी बघतो, बाय."

आणि काम अर्धवट असतानाच आई परत आल्या. दापोलीला करमेना म्हणून संदीपला बोलावून घेतलं आणि सकाळीच दारात हजर. त्यांना खोलीत बसवलं. हात धरून स्वयंपाकघरात नेऊ आणि तिथे शांतपणे सांगू, असा माझा विचार होता. आधी संदीपसाठी पाणी आणायला गेले. बावतीस सिंकखाली पाईप जोडत होता, लादीवर पाणीच पाणी झालेलं. वळून बघते तर आई निघाल्या होत्या. चहा करायला!

मला ओरडायचं होतं. पण दचकून पडल्या असत्या.

त्या पट्ट्याच्या अगदी कडेने येत होत्या. डावा हात खांद्याएवढा वर, पुढे सरकत होता. चाचपडणारा हात वेगळा असतो, मी तो रोज बघते. हा चाचपडत नव्हता. तळहात काचेला दाबल्यावर दिसतो तसा चपटा दिसत होता, बोटांची टोकं पांढरी पडली होती. पुढे हवा होती. हवेपलीकडे हॉलमधला सोफा.

स्वयंपाकघराच्या तोंडाशी त्यांचा पाय ओल्या लादीवरून सटकला. संपूर्ण अंग डावीकडे कललं... आणि थांबलं. खांदा, कोपर, तळहात — सगळा भार टेकला होता. कशाला, ते सांगू शकत नाही. तशा कललेल्या अवस्थेत माणूस उभा राहूच शकत नाही. त्यांनी एक श्वास घेतला, पाय सावरला, सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "किती ते पाणी सांडलंत गं! माणूस पडेल की."

मग त्यांनी गॅस पेटवला.

बावतीसच्या हातात पाना तसाच राहिला होता. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली. मला गॅलरीत बोलावून हळू आवाजात म्हणाला, "बाय, त्या भिंतीचं डेब्रिज मी सवता टेम्पोत भरून दिलंय. सगळं."

"मला माहीत आहे हो."

"मंग?"

मग काय, मला कुठे माहीत होतं?

त्यानंतर मी तिथून येता-जाता हात फिरवून बघितला. काही नाही. संदीपला सांगितलं, तर तो म्हणाला, सवयीने चालत असेल. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः बघितलं आणि डबा न घेताच ऑफिसला गेला. बावतीस तर न बोलावता सकाळी यायला लागला. एक डोळा मिटून, ओळंबा लावल्यासारखा तो आईंचा हात निरखायचा. "लाईनीत हाय, बाय," म्हणाला. "होती तिथंच हाय."

आम्हा तिघांना आता एकच धास्ती होती. आईंना कोणी सांगितलं तर? भिंत नाही हे एकदा कळलं आणि दुसऱ्या दिवशी हात टेकायला गेला, तर त्या सरळ तोंडावर पडणार. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस उठत नाही. आलेल्यांना मी दारातच गाठायची, खुणा करायची. सोसायटीत लोकांना वाटलं असेल, वीणाच्या डोक्यावर परिणाम झाला.

पण तळमजल्याच्या सुर्वेकाकूंना खुणा कळत नाहीत. एका रविवारी दुपारी त्या आल्या. आई पट्ट्यापाशी उभ्याच होत्या. काकू दारातूनच म्हणाल्या, "अगोबाई, भिंत काढल्यावर काय छान मोकळं झालं हो!"

मी धावले. आईंना धरायला दोन्ही हात पुढे केले.

"कुठली भिंत?" आईंनी विचारलं.

"ही हो, पॅसेजची. पाडलीत ना?"

"काहीतरीच काय," आई म्हणाल्या. त्यांनी डावा हात उचलला आणि शेजारी दोनदा थोपटलं.

थप, थप.

आवाज आला. मी ऐकला, संदीपने ऐकला. प्लास्टरवर तळहात मारल्यावर येतो तसा, भरीव. काकूंनीही ऐकला असणार, कारण चहाला न थांबता त्या गेल्या आणि अजून काही वर आलेल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मी आईंच्या केसांना तेल लावत होते. त्या आपणहून म्हणाल्या, "पाडलीत ते पहिल्या दिवशीच कळलं मला. हॉलमधला पंख्याचा वारा थेट अंगावर येतो, आंधळी असले तरी एवढं कळतं. पण वीणा... मला अजून लागते गं ती."

मला रडू आवरेना. त्यांनी मागे न वळता माझा तेलकट हात धरून ठेवला.

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. बावतीसकडे नाही, आणि संदीप तर विषयच टाळतो. मध्यंतरी गोडाऊनमध्ये तशाच टाईल्स मिळाल्या, बावतीसने फोन करून विचारलं. मी म्हटलं, राहू द्या. पट्टा उघडाच आहे. कोणाला काही सुचलं तर इथेच लिहा, घरी येऊन बोलू नका. आणि आलातच, तर पट्ट्यावर खुर्ची ओढून बसू नका. तिथे आईंची भिंत आहे.