कूलरचं पाणी आणि सावनेरचा मोगरा

"ताई, मोगरा गेला वाटते," बोंद्रेकाका फोनवर म्हणाले. मी तेव्हा दुसऱ्याच एका क्लायंटच्या लॉनवर उभी होते. मे महिना, नागपूरचं ऊन अगदी फॉर्मात. मी म्हटलं, उपटू नका, मी येते.

काका सावनेरजवळच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले. कंपनीचं क्वार्टर सोडून प्रताप नगरच्या नव्या घरात आले होते. क्वार्टरच्या दारात कुसुमकाकूंनी लावलेला मोगरा कमरेएवढा झाला होता आणि तो त्यांना सोबत हवा होता. मी गार्डन कन्सल्टंट. पहिल्या भेटीत मी सरळ नाही म्हटलं होतं. झुडपं लावायची ती पाऊस नीट बसल्यावर, जुलैत. हवा दमट असते, ऊन मवाळ असतं, मुळांना जम बसवायला सवड मिळते.

"जुलैत तिथं दुसरे लोक राहतीन," काकू म्हणाल्या. "मले या घरात गमत नाही, ताई. मोगरा आला तर गमंल."

गमणं म्हणजे आमच्याकडे करमणं. कॉलेजात शिकवलेलं बाजूला ठेवलं. मी हो म्हटलं.

मग सगळं रीतसर केलं. आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी दिलं आणि फांद्या अर्ध्याहून जास्त छाटल्या. तुटलेली मुळं तेवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत, म्हणून पानंच कमी करायची. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मातीच्या गोळ्यासकट झाड काढलं. ओल्या बारदानात सुतळीनं बांधलं आणि टेम्पोनं आणलं. इकडे खड्डा तयार होता. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात मुरूम आणि शेणखत मिसळलं. झाड पूर्वी जितकं खोल होतं तितकंच लावलं, वरून हिरवी नेट बांधली. काकूंनी बुंध्याला हळदकुंकू लावलं. ते माझ्या पद्धतीत बसत नाही, पण झाडाला त्याचा त्रासही नसतो.

आणि आता हा फोन. जाऊन पाहिलं तर उरलेल्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झालेल्या. पाण्याचं विचारलं. "पाण्याची कमी नाही, रोज देऊन राहिलो," काका अभिमानानं म्हणाले आणि त्यांनी मला त्यांची व्यवस्था दाखवली. खिडकीतल्या कूलरच्या टाकीला पाइप लावून तो थेट मोगऱ्याच्या आळ्यात सोडला होता. झाडाला थंडगार पाणी मिळावं म्हणून.

आळ्यातल्या मातीवर पांढरी खपली धरली होती. मी ती उचलून दोघांना दाखवली. कूलरमध्ये बोअरचं जड पाणी. त्यातलं पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मात्र टाकीतच राहतात. कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढतो तो हाच. पाणी वाया जाऊ नये म्हणून नागपुरात घरोघरी ते झाडांना घालतात. मोठा कडुनिंब ते पचवतो. नुकती मुळं तुटलेल्या मोगऱ्याला ते जमत नाही.

काकू नवऱ्याकडे वळल्या. "काहो, तुम्ही माह्या झाडाले मीठ पाजून राहिले होते?"

काका कूलरकडे असे पाहू लागले, की जणू गुन्हा त्यानंच केला असावा. मला हसू आवरेना.

मी फांदीची साल नखानं खरवडली. आत हिरवं होतं, म्हणजे जीव होता. आम्ही वरची माती काढून टाकली आणि नळाचं गोडं पाणी सावकाश सोडत राहिलो, क्षार मुळांच्या खाली उतरेपर्यंत. मातीत मुरूम मिसळलेला असल्यानं पाणी तुंबलं नाही. मग सांगितलं, बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यायचं, खत आत्ता अजिबात नाही.

तरी उरलेली पानं गळाली. काकूंचा फोन येईना आणि मला करायचा धीर होईना. त्या झाडाची मला मनापासून काळजी लागली होती. पाऊस सुरू झाल्यावर काकांनी फोटो पाठवला: बुंध्यापासून कोवळे फुटवे.

श्रावणात त्यांनी मला चहाला बोलावलं. काकूंच्या केसांत मोगऱ्याची दोनच फुलं होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "गमते आता."

झुडपं जुलैतच लावा, हे मी आजही सगळ्यांना सांगते. आणि उन्हाळ्यात कुणाचं झाड आजारी असल्याचा फोन आला, की आधी कूलरचं पाणी कुठं जातं ते विचारते. बऱ्याचदा घरून निघायचं कामच पडत नाही.