शेजाऱ्यांची हरकत

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी होळी गावच्या मराठी शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. आमच्या घराला लागून केळीची वाडी होती आणि वाडीपलीकडे एका नर्सबाईंचं कौलारू घर. मुंबईच्या इस्पितळात सगळी उमर काढून त्या वडिलांच्या घरी परतल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो.

एका उन्हाळ्यात मावशींनी दोन टांग्यांतून पाच बायका आणल्या. वेड्यांच्या इस्पितळात बऱ्या झालेल्या, पण घरच्यांनी परत न नेलेल्या.

"डॉक्टरांनी सोडलंय, पण जायचं कुठे?" मावशी माझ्या आईला म्हणाल्या. "माझ्याकडे चार खोल्या आहेत. मला एकटीला किती लागतात?"

त्या बायका भाजीचे वाफे शिंपायच्या, मिरच्या खुडायच्या, संध्याकाळी एकत्र रोजरीची प्रार्थना म्हणायच्या. त्यांतली एक पाचूबंदरची कोळीण होती, चाळिशीची असेल. दुपारी मी जेवायला घरी आले, की ती मागच्या दाराशी यायची.

"बाय, वाईच पानी दे."

त्यांच्या अंगणात विहीर होती. तरी यायची. घोटभर पाणी प्यायची, आमची चूल, मांडणीवरची भांडी बघत उभी राहायची, आज काय रांधलं ते विचारायची आणि निघून जायची.

कुणाला काही त्रास झाला नव्हता. तरी एका रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर आळीतले पाच-सहा पुरुष आमच्या ओटीवर येऊन बसले. एकाच्या मुलीचं लग्न ठरत होतं. "पाहुण्यांनी विचारलं, शेजारी कोण राहतं, तर मी काय सांगू?" तो म्हणाला. दुसऱ्याने कचेरीत जाऊन नियम विचारून आणला होता. राहत्या वस्तीत एका घरात एकाच कुटुंबाने राहायचं. परकी माणसं ठेवायची तर परवानगी हवी, आणि शेजाऱ्यांची हरकत असेल तर परवानगी मिळत नाही. हरकत मात्र लेखी द्यावी लागते.

वडील माझ्याकडे बघून म्हणाले, "तू लिही."

मी लिहिलं. कारण काय द्यायचं यावर थोडा वेळ वाद झाला. शेवटी त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं, 'आमच्या बायकामुलांना भीती वाटते.' मला भीती वाटत नव्हती.

पाऊस ओसरल्यावर कचेरीतले साहेब चौकशीला आले. नेमकी दुपार होती. मावशींच्या अंगणात उभं राहून त्यांनी विचारलं, "या बायका तुमच्या कोण?"

"बहिणी."

"पाचही?"

"पाचही. एका चुलीवरचं जेवतो आम्ही."

साहेब हसले. मग वाडी ओलांडून आमच्या मागच्या दाराशी आले. "बाई, तुम्ही शिक्षिका. खरं ते सांगाल. या त्यांच्या बहिणी आहेत?"

कोळीण तिथेच होती. नुकतंच पाणी पिऊन झालं होतं, तांब्या अजून तिच्या हातात होता. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "नाही."

महिन्याची मुदत मिळाली. ती संपायच्या आत टांगे आले आणि पाचही जणी इस्पितळात परत गेल्या. मावशींनी दाराला कुलूप लावलं. कुठे चाललात, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

नाताळ झाला. ईस्टरआधीचा उपासकाळ लागला. एका दुपारी मी मागच्या दारात उष्टी भांडी ठेवायला गेले, तर कुलूप लावलेल्या त्या घराच्या पायरीवर कोळीण बसलेली. हिरवं लुगडं, गुडघ्यांभोवती हात, तोंड आमच्या दाराकडे. मला वाटलं, इस्पितळातून पळून आली. मी दार लावून घेतलं. त्याच आठवड्यात ती पुन्हा दिसली. तिसऱ्यांदा मी आईला हाक मारली. आईने केळींमधून वाकून पाहिलं.

"कुठे गं? कुणी नाही तिथे."

मला तर ती दिसत होती. ऊन थेट तिच्या डोक्यावर होतं आणि ती हलत नव्हती.

ईस्टरनंतर कळलं, की मावशी राजोडीला राहतात. वस्तीच्या बाहेर, ताडांमध्ये त्यांनी एक झोपडं बांधलं होतं. तिथे तो नियम लागत नव्हता. मी चालत गेले. त्या पाचांतल्या दोघींना मावशींनी इस्पितळातून परत आणलं होतं आणि तिघी मिळून माडाची झापं विणत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मावशी, तो अर्ज मी लिहिला होता."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "बस."

मग मी कोळणीचं सांगितलं. ती पळून आली होती, तीनदा पायरीवर बसलेली दिसली, तिला शोधायला हवं.

मावशींचे हात थांबले. "ती नाताळच्या आधीच गेली. इस्पितळातच. मातीला मी एकटीच होते."

"मी तर तिला उपासकाळात पाहिलं," मी म्हटलं. मावशी घाबरल्या नाहीत, मला वेड्यातही काढलं नाही. एवढंच विचारलं, "तू गेलीस का तिच्याकडे?"

"नाही. दार लावून घेतलं."

 त्या पुन्हा विणायला लागल्या.

मावशींनी होळीचं घर पुढे विकलं. नव्या मालकाने ते पाडून पक्कं बांधलं. ती मला परत दिसली नाही, पण दुपारी मागचं दार उघडायचं काम मी आईवर सोपवलं ते कायमचं. कितीतरी रविवार मी केळ्यांची फणी घेऊन राजोडीला जात राहिले. त्या दोघींतली एक माझ्याशी कधीच बोलली नाही. दुसरीने मला झाप विणायला शिकवलं. माझं विणलेलं सैल पडायचं. मी निघाले, की ती ते उसवून पहिल्यापासून विणायला घ्यायची.