उपरण्याखालचा सौदा

आमच्या दलालमामांनी उभ्या आयुष्यात तोंडाने कधी भाव सांगितला नाही. अकोल्याच्या कापूसबाजारात त्यांचा धंदाच बोटांचा. समोरच्याने हात पुढे केला की तो आपल्या हातात घ्यायचा, वरून उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबायची. एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा. वर दोघांचे चेहरे मख्ख, आणि आत सौदा पेटलेला. ही बाजाराची रीतच होती, त्यात मामांचं नवल काही नाही. नवल हे, की दारात भाजीवाली आली तरी मामा उपरणं चाचपत. ती म्हणायची, "दलालबुवा, वांगे घ्याचे तं घ्या, हात काहून मागता?" आत मामी पोट धरून हसायच्या.

मामी हसायच्या ते नुसतं ऐकून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, नऊ वर्षं झाली होती. वैदू झाले, नवस झाले, बाळापूरच्या हकिमाचं अंजनही झालं. चुलीपासून विहिरीपर्यंत त्या पावलं मोजून चालत आणि भाकरी थापत माझ्यापेक्षा गोल. मी त्यांची भाची, शेजारच्या गल्लीत दिलेली, दोन लेकरांची आई. माझ्या भाकरीचे नकाशे व्हायचे, खोटं कशाला बोलू!

मग दूरदेशी कुठेशी लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईना आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याची कळा आली. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या लावल्या, कोणी माडीवर माडी चढवली. मामांनी गाडी जुंपली आणि मामींना म्हणाले, "चाल वं, तुले मुंबईले नेतो. तिथं डोये कापून साफ करते म्हन्ते साहेब." मामींनी नको नको केलं, मामांनी ऐकलं नाही. सोबत बाईमाणूस हवं म्हणून मी. अकोल्याहून भुसावळपर्यंत बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली आणि पुढे आगगाडीच्या धुराने तोंडं काळी.

मुंबईत कुलाब्याला, कापसाच्या गोदामांच्या मागे, ओळखीच्या एका आडत्याकडे उतरलो. मामांना मुंबईतलं काहीएक पटेना. नारळाचं झाड पाहून म्हणाले, "येवढं उंच वाढलं अन् सावली बोटभर." समुद्राची एक चूळ भरून थुंकले आणि म्हणाले, "येवढं पानी, अन् प्याले थेंब नाई! ढोरं कुठं नेतात हे लोक?" सरकार किल्ल्याचा जुना तट पाडत होतं, तिथे तासभर उभे राहून गवंड्यांना शिकवत बसले. गोदामात तर कहरच केला. कुणाच्या तरी गठ्ठ्यात हात खुपसला, मूठभर कापूस ओढून बोटांत चोळला आणि ओरडले, "यात पानी मारलं हाय!" आडत्या बिचारा हात जोडून म्हणाला, "बुवा, पाणी कुणी मारलं नाही. इथली हवाच दमट."

"मंग तुमची हवाच बेइमान हाय!" मामा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात गेलो. गोरा डॉक्टर, शेजारी मराठी समजणारा एक पारशी मदतनीस. साहेबाने मामींचे डोळे नीट पाहिले, शस्त्रक्रिया करतो म्हणाला, आणि शिष्टाचार म्हणून मामांपुढे हात केला. झालं! समोरून हात आला की काय करायचं, हे मामांच्या हाडात भिनलेलं. त्यांनी तो गोरा हात पकडला, वरून उपरणं टाकलं, डोळे मिटले आणि आत बोटं दाबायला लागले. सगळा दवाखाना बघत राहिला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. साहेब भला माणूस. या लोकांची काही रीतभात असेल असं समजून तोही गंभीर चेहऱ्याने उभा राहिला, आणि मामांनी दाबलं म्हणून त्यानेही दाबलं. मामांनी खाडकन डोळे उघडले, उपरणं ओढून घेतलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मी मागोमाग गेले आणि तोंड सोडलं. "मामा, लाज आणलीत! डॉक्टरशी कुणी पैशाचा भाव करतं का?"

"पैशाचा कोन करून राहिला पोरी," मामा म्हणाले. "म्या एक बोट दाबलं. दोन मांगाची लालच बरी नाई. म्हटलं, एक डोया दे बापा, बस झालं. त्यानं दोन बोटं दाबले." आणि हा बाजारातला मख्ख माणूस उपरण्यात तोंड घालून ढसाढसा रडला.

पट्टी सुटली तेव्हा एक डोळा स्वच्छ झाला होता. दुसरा गेला तो गेलाच. साहेब वाईट वाटून काहीबाही बोलू लागला, तर मामाच मदतनिसाला म्हणाले, "त्याले सांगा, मांगतला एकच होता. जीवाले लावून घेऊ नको." मामी मात्र कुणाचंच ऐकत नव्हत्या. एका डोळ्याने त्या मामांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अवो, डोईचे केस कुठं गेले? अन् धोतर का मातीत लोयवून घालता?"

निघायच्या आदल्या दिवशी मामांनी त्यांना मोठ्या थाटात समुद्र दाखवायला नेलं. जसा काही स्वतःच भरला होता! मामींनी एकदा तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "समुद्र कुठं पयून चालला? तुमी इकडं तोंड करा."

अकोल्याला परतल्यावर मामांची तऱ्हाच बदलली. नऊ वर्षं कुणी पाहणारं नव्हतं, तेव्हा चार-चार दिवस दाढी वाढायची. आता रोज धुतलेलं धोतर आणि डोक्याला कुसुंबी फेटा. तो तीनदा बांधायचे, तीनदा सोडायचे. बाजार हसे. "दलालबुवा, नवरदेव झाले का?" मामा म्हणायचे, "घरी पाहनारं मानूस हाय बापा." मीही पुष्कळ थट्टा केली त्यांची. आता वाटतं, जरा कमी केली असती तर काय बिघडलं असतं!

एवढं सुख वर्षभरच पुरलं. पुढच्या उन्हाळ्यात पाच दिवसांच्या तापाने मामा गेले. अंगण माणसांनी भरलं, उचलायची घाई सुरू झाली. मामी आत गेल्या आणि कुसुंबी फेटा घेऊन आल्या. मामांच्या उशाशी बसून बांधू लागल्या. एकदा बांधला, मनासारखा झाला नाही, सोडला. पुन्हा बांधू लागल्या. शेजारची म्हातारी कळवळून म्हणाली, "राहू दे माय, आता कोन पाहनार हाय?"

"मी पाहून राहिली ना," मामी म्हणाल्या.