आमच्या होडीत बूट चालतात, आईचे पाय नाय

मंडळी, डोकं अजून तापलंय.

दुपारी आईला घेऊन रामवाडीजवळच्या एका हॉटेलात जेवायला गेलो. दारातच शोभेला होडी ठेवलेली. नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, पितळी पत्रा बघून आईने लगेच ओळखली. खाडीत मासळी मिळेना म्हणून बाबांनी विकलेली आमचीच होडी! गिऱ्हाईकं बूट घालून तिच्यात चढत होती, फोटो काढत होती.

आम्ही कोळी होडीत कधी चपलेने पाय ठेवत नाय. आईने चपला बाहेर काढल्या, नाळेला हात जोडले आणि आत चढली.

वॉचमन ओरडला, "ओ मावशी, उतरा खाली! मळक्या पायांनी होडी घाण होईल!"

तुम्हीच सांगा. बुटांनी ती घाण होत नाय, आणि जे पाय चिखलात रोवून आईने तिला जन्मभर पाण्यात ढकललं, त्या पायांनी होते?